पाच लिटर दूध आणि किलोभर खवा

मंडळी, आज राजकारण नाही. एका होऊ घातलेल्या बाईंबद्दल लिहितोय. नाव सांगत नाही, शाळाही नाही.

बी.एड.ची छात्राध्यापिका, विषय विज्ञान. आपल्या वाशी तालुक्यातल्या एका शाळेत तिची आंतरवासिता चालू होती. दुसऱ्याच कामानं शाळेत गेलो होतो, मुख्याध्यापक म्हणाले, "बसा की पाठाला." बसलो. घटक होता बाष्पीभवन. टाचण सुंदर, तक्ते रंगीत. तिनं व्याख्या फळ्यावर लिहिली, पोरांकडून तीनदा म्हणून घेतली. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "मॅडम, आमच्या भट्टीवर रोज दूध आटवतेत, ते हेच का?" ती गडबडली. "मध्ये बोलायचं नाही," म्हणाली अन् पुढं गेली. पाठ वेळेत संपला. वहीवर सही झाली.

तीन आठवड्यांनी परत जाणं झालं. आता तक्ता नव्हता. तिनं विचारलं, "पाच लिटर दुधाचा खवा किती होतो?" भूम-वाशी पट्ट्यातली पोरं ती! एका सुरात उत्तर आलं, "किलोभर!" "मग बाकीचं गेलं कुठं?" वर्ग पेटला. कुणी म्हणालं जळालं, कुणी म्हणालं वाफ झाली. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "दूध उकळतंय म्हणून वाफ होती. पण धुणं तर उकळत नाही, ते कसं वाळतं?" बाई थांबल्या. म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. मला आत्ता नीट सांगता येणार नाही, उद्या करून बघू."

दुसऱ्या दिवशी वाटीत आणि ताटात सारखंच पाणी ओतून दोन्ही उन्हात ठेवलं. ताटातलं आधी संपलं. पाणी न उकळताही पृष्ठभागावरून उडत असतं, पृष्ठभाग मोठा तर लवकर उडतं. उकळताना मात्र वाफ सगळ्या पाण्यातून निघते. पोरांनी हे स्वतः बघितलं. मी विचारलं तर ती म्हणाली, "सर, आधी पोरांनी प्रश्न विचारला की भीती वाटायची. आता नाही विचारला की वाटते."

माझ्या मते ती शिक्षिका झाली ती त्या "उद्या करून बघू"च्या क्षणी. पदवी नंतर मिळेल.

आता मुद्द्याचं. २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेतला अनुभव सक्तीचा झाला. कशासाठी? पहिला पाठ फसावा आणि सुधारायला वेळ मिळावा, यासाठीच. पण हे २० आठवडे किती ठिकाणी नुसत्या हजेरीपटावर भरतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजचं तोंड न बघता बी.एड. झालेले तुमच्याही नात्यात असतील. दुसरीकडं, जे खरंच येतात त्यांना रिकाम्या वर्गावर फुकटचा माणूस म्हणून उभं करतात. मागं बसून चूक दाखवणारं कुणी नसतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, चार वर्षांची पदवी किंवा एम.ए., एम.एस्सी. केलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची वाट ठेवली आहे. वर्ष वाचेल, फी वाचेल, चांगलंच आहे. पण शाळेतले आठवडे कापले तर व्याख्या पाठ करून घेणारे मास्तर तेवढे तयार होतील.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक द्यायचा आहे. आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित यादीतला. प्रयोगशाळा नाही ही रड खरी आहे, पण खव्याची भट्टी आहे, तेरखेड्याची फटाक्याची दारू आहे, आटत जाणारी विहीर आहे. विज्ञान दारात पडलंय, ते दाखवणारा माणूस पाहिजे.

पालकांनो, शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या शाळेत शिकाऊ शिक्षक येतात का, आणि त्यांच्या पाठाला मागं कोण बसतं?

तुमच्या गावात काय चित्र आहे, खाली लिहा.