शॉक कुणाला द्यायचा?

पोहण्याच्या टँकवर गेलं की कधीकधी उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. मग कुणीतरी म्हणतं, "आज क्लोरिन जास्त झालेलं दिसतंय!" आमच्या सोसायटीच्या सभेत तर वास येतो म्हणून क्लोरिन निम्मं करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. आता एकमताने रसायनशास्त्र थोडंच बदलतं!

मंडळी, खरी गोष्ट बहुतेक वेळा उलटी असते. तो वास नुसत्या क्लोरिनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि (स्पष्टच लिहितो) लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही बरेचदा त्यांच्यामुळेच. अशा बांधल्या गेलेल्या क्लोरिनची जंतू मारण्याची ताकद फार कमी होते. म्हणजे वास वाढला तर क्लोरिन जास्त नव्हे, अपुरं पडतंय अशी शंका घ्यावी.

यावरचा उपाय म्हणजे शॉक ट्रीटमेंट. नाव भयंकर असलं तरी विजेशी संबंध नाही. एकाच वेळी इतकं क्लोरिन घालायचं की ही द्रव्यं मोडून जावीत. बांधल्या गेलेल्या क्लोरिनच्या साधारण दहापट, असा ठोकताळा आहे. मी जन्मभर भाषा शिकवली, पण हा हिशेब कुणालाही जमेल. टँक २० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असेल तर पाणी २ लाख लिटर. बांधलेलं क्लोरिन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम निघालं, तर ५ मिलिग्रॅम घालायचं. म्हणजे एकूण १ किलो क्लोरिन. ६५ टक्क्यांची पावडर असेल तर दीड किलोच्या आसपास.

इथे काटकसर महागात पडते. मात्रा अर्धवट पडली तर ती द्रव्यं मोडत नाहीत, उलट वाढूही शकतात. पावडरही वाया आणि वासही कायम. शिवाय हे काम सूर्यास्तानंतर करायचं, कारण उन्हाने क्लोरिन उडून जातं. आधी पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणायचा, रात्रभर पंप चालू ठेवायचा आणि क्लोरिन नेहमीच्या पातळीवर उतरल्याचं तपासल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचं नाही.

अंदाजाने काहीतरी ओतलं की काय होतं ते २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. डायव्हिंगचा तलाव रातोरात हिरवा झाला. कंत्राटदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याचं नंतर उघड झालं. तेही जंतुनाशकच, पण क्लोरिनची आणि त्याची गाठ पडली की दोघंही निकामी होतात. शेवटी शेजारच्या तलावातलं पाणी उपसून सरावाच्या तलावातलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी तिथे आणावं लागलं. ऑलिंपिकची ही गत, मग आपल्या सोसायटीची काय कथा!

पण मला खरी काळजी वाटते ती पावडर टाकणाऱ्या माणसाची. अनेक ठिकाणी तो नाकाला रुमाल बांधून उघड्या हातांनी हे काम करताना दिसतो. हातमोजे, चष्मा आणि मास्क ही चैन नव्हे. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि ॲसिडशी तिचा संपर्क येऊ द्यायचा नाही, नाहीतर विषारी क्लोरिन वायू निघतो. हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं असतं का? त्याच्या जिवापेक्षा आपली सकाळची पोहण्याची वेळ मोठी नाही.

तर माझं मत असं. शॉक जरूर द्या, पण मोजून, नोंदवहीत लिहून आणि टँक बंद ठेवून. त्याआधी मात्र टँकच्या दारात शॉवर लावा आणि अंग धुतल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका, मग तो सोसायटीचा अध्यक्ष का असेना. लहान मुलांना तासाभराने बाहेर काढून स्वच्छतागृहात पाठवा. आपण घाण करायची आणि पावडरीने ती निस्तरायची, हा व्यवहार स्वस्त नाही आणि शहाणपणाचाही नाही.

शॉकची पहिली गरज पाण्याला नाही, आपल्या सवयींना आहे.