घाटात तापतं ते तेल
पनवेलजवळ कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि खोपोलीपर्यंत स्पोर्ट्स कारचा मालक खुशीत असतो: रस्ता सपाट, समोरून भरपूर वारा, रेडिएटरला काम हलकं. खरी परीक्षा बोरघाटात. सुट्टीच्या कोंडीत, चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. वारा बंद, सगळी भिस्त पंख्यावर. डॅशबोर्डवरचा काटा बहुधा कूलंटचाच असतो. तो 90 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावला की चालक निर्धास्त. पण इंजिन ऑइल कूलंटपेक्षा सावकाश तापतं, म्हणून गाडी चालू होताच लाल रेषेपर्यंत रेस करणं हा निव्वळ उतावळेपणा. उलट सतत ताण पडला, की तेच ऑइल 130 अंशांपुढे जाऊन फार पातळ होतं आणि बेअरिंगवरचा संरक्षक थर विरळ होतो. ‘पोर्शे 911’ तर 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हवेवर आणि ऑइलवरच थंड व्हायची. पाण्याचा रेडिएटर तिला नव्हताच! काटा चढू लागला तर एसी बंद करावा, सुरक्षित जागा बघून थांबावं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नये. दाब सुटताच कूलंट उकळून अंगावर उडतं.