फणसाच्या फळीला वेळ द्या

कोकणात परसातला जुना फणस पडला की बरेचदा जळणात जातो आणि घरात प्लायवूडचं कपाट येतं. हे आम्हाला मुळीच पटत नाही. गावच्या सॉ मिलवर नुकतीच कापलेली फणसाची फळी पिवळीधमक असते. उजेड-वारा लागून ती हळूहळू तांबूस तपकिरी होते. घाई मात्र नडते. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी रचायची, वारा खेळता ठेवायचा. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा जुना ठोकताळा. ओल्या लाकडाचा पलंग उन्हाळ्यात तडकतो, सांधे ढिले पडतात. उभं झाड तोडायचं असेल, तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, हे ध्यानात ठेवा आणि आधी परवानगी घ्या.