हवेतली रांग

संध्याकाळी चाळीत घरोघरी वायफाय सुरू होते आणि मोबाईलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसत असूनही पोरांचा अभ्यासाचा व्हिडिओ अडतो. मग कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. कधी दोष कंपनीचा असतोही. पण पुष्कळदा अडचण आपल्या खोलीतल्या हवेतच असते.

रेडिओच्या एका पट्ट्यावर एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे बोलले की दोघांचेही वाया! मग पाळी ठरवणार कोण? 1971 साली हवाई विद्यापीठात प्रा. नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केले. निरोप तयार झाला की पाठवायचा. पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवायचा. मुकादम नाही, हजेरीबुक नाही. पण गर्दीत टकरी वाढत. या पद्धतीत फार तर 18 टक्के वेळ कामी येतो.

वायफाय आधी ऐकते. हवा भरलेली असेल तर प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा धरते, सहसा 0 ते 15 मधला, आणि हवा मोकळी झाली की उलटे मोजू लागते. ज्याचे शून्य आधी, तो बोलतो. बाकीचे मोजणी थांबवतात, पण पुढच्या खेपेस उरलेल्या आकड्यापासूनच मोजतात. थांबलेल्याचे थांबणे फुकट जात नाही, हे आम्हाला फार आवडले. पोच आली नाही तर आकड्याची मर्यादा 31, मग 63, अशी 1023 पर्यंत वाढते.

खोच पुढेच आहे. पाळी सर्वांना सारखी, वेळ नव्हे! लांब कोपऱ्यातल्या मोबाईलला तेवढाच निरोप द्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकी सगळे गप्प. शेजारचा राउटर त्याच पट्ट्यावर असेल तर तोही याच रांगेत. बिल वेगळे, पासवर्ड वेगळा, हवा एकच. दांड्या आवाज किती मोठा ते सांगतात, पाळी कधी येईल ते नाही.

म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर कपाटामागून काढून खोलीच्या मध्यावर, उंच ठेवून पाहा. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ते शेजाऱ्यांशी बोलून वाटून घ्या. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा असेल त्या तासात सिनेमा डाउनलोड करू नका, आणि घरी संगणक असेल तर त्याला सरळ केबलच जोडा, म्हणजे तो या रांगेतून सुटला.