जमीन विकावी की भागीदार व्हावे?

शहराच्या कडेला ज्यांची शेती आहे, त्यांच्या बांधावर आज ना उद्या एखादी मोटार येऊन उभी राहतेच. आतला माणूस गोड बोलतो. विसाराची रक्कम सोबत घेऊनच आलेला असतो. ‘दादा, आत्ता सही करा, पुढल्या महिन्यात हा भाव राहायचा नाही,’ असे सांगतो. अशा वेळी घाई करू नये. त्याआधी मगरपट्ट्याची हकीकत घरातल्या सर्वांनी मिळून वाचावी.

पुण्याच्या पूर्वेला हडपसर. एके काळी हा सारा मळ्यांचा मुलूख. १९८२ च्या विकास आराखड्यात इथली शेती पुढे शहरासाठी लागणारी जमीन म्हणून दाखवली गेली. शेती कायमची राहणार नाही, हे तेव्हाच दिसू लागले. प्रश्न एवढाच होता, की तिचे पैसे कोणाच्या घरी जाणार?

१९९० नंतर मगर मंडळींनी एकत्र बसून विचार केला. शेतकीचे पदवीधर सतीश मगर पुढे झाले. सुमारे १२० कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र आणली आणि स्वतःचीच कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा कंपनीत हिस्सा. २००० साली बांधकामाला सुरुवात झाली. घरे, संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या, शाळा, दवाखाना, दुकाने, बागा असे नवे गावच तिथे वसले. बांधकामाचे ठेके घेण्याइतके शिक्षण घरच्या तरुणांना मिळाले. जमीनमालक बेघर झाला नाही की रखवालदारही झाला नाही. पुढे सिंहगड रस्त्यावरच्या नांदेडच्या शेतकऱ्यांनीही सुमारे ७०० एकरांवर ह्याच वाटेने नांदेड सिटी उभी केली.

हे प्रत्येक गावाला जमेलच असे नाही. मगरपट्ट्यात बरीच कुटुंबे एकाच भावकीतली होती, आणि पैसा दिसेपर्यंत कित्येक वर्षे थांबण्याची त्यांची तयारी होती. ज्या भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, तिथे आधी तो वाद मिटवावा लागेल. एकेकट्याने तुकडा विकला, की मागे राहणाऱ्याचा रस्ताही जातो आणि भावही पडतो.

भागीदारी जमो वा न जमो, एवढे मात्र करावे. सातबारा व फेरफार अद्ययावत करून घ्यावेत. सरकारी मोजणी करावी. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी आपल्या ओळखीच्या वकिलाकडून ते शब्दन् शब्द समजून घ्यावे. विकसन करारनाम्यात आपला हिस्सा, मुदत आणि मुदत चुकल्यास काय, हे स्पष्ट लिहून घ्यावे. बहिणींना विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तिला अंधारात ठेवून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा अन्याय आहे आणि पुढच्या दाव्याचे बीजही तेच.

जमिनीचे एकरकमी पैसे मोटार, बंगला आणि लग्नकार्य यांत किती लवकर संपतात, हे शहराजवळच्या गावांनी पाहिले आहे. बैल गेला आणि झोपा केला, असे आपले होऊ नये. सहीची लेखणी हातात घेण्याआधी घरातल्या बायामाणसांसह सर्वांनी एकदा बसावे. सहीला आठ दिवस उशीर झाला म्हणून जमीन कुठे पळून जात नाही.