मुक्या रुग्णाचा वैद्य

घरचा बोका दोन दिवसांपासून वाळूच्या घमेल्यात वारंवार बसतो, कण्हतो आणि तसाच परततो. मंडळी त्याला दवाखान्यात आणून सांगतात, “याला बद्धकोष्ठ झाले आहे, घरी थोडे एरंडेल पाजले.” चांगला पशुवैद्य हे शांतपणे ऐकून घेतो, मात्र चिठ्ठी लिहिण्याआधी त्याचा हात बोक्याच्या पोटाकडे जातो. तेथे चेंडूसारखे टणक मूत्राशय हाताला लागते. बद्धकोष्ठ नव्हेच, मूत्रमार्ग अडला आहे. आणि असा बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

या व्यवसायात रुग्ण एक आणि बोलणारा दुसरा असतो. शिवाय मांजर वेदना लपविण्यात निष्णात. म्हणून खरा वैद्य प्राण्याला मेजावर ओढून न घेता आधी त्याची चाल, श्वास आणि दडण्याची जागा न्याहाळतो.

त्याहून दुर्मिळ गुण म्हणजे घरच्यांना खरे बोलण्याचा धीर देणे. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. ती कोणी मायेपोटी दिली असेल आणि डॉक्टर सर्वांदेखत रागावला, तर पुढच्या वेळी ती गोष्ट दडवली जाईल. कुशल शस्त्रक्रिया करणारे पुष्कळ आढळतात. ज्याच्यापुढे चूक कबूल करावीशी वाटते, असे थोडेच.

खाण्याविषयीही असेच. कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक. आपल्या घरांतील कुत्रे या एका संकटातून आपोआप सुटलेले! परंतु दिवाळीच्या सुक्या मेव्यातील मनुका-बेदाणे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. संतुलित शाकाहारावर कुत्रा सुखाने जगतो, केवळ दूधभातावर नव्हे. मांजराची गोष्ट निराळी. त्याला टॉरिन हे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि निसर्गतः ते मांसात असते; ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. अहिंसाव्रती कुटुंबाला हे सांगणे अवघड आहे. तरीही मांजर घरी आणण्यापूर्वीच ते स्पष्ट सांगणारा वैद्य त्या कुटुंबाचा आणि त्या जिवाचाही हितचिंतक होय.

खर्चाचा अंदाज तो आधी देतो. कोणत्या तपासणीने उपचार बदलेल आणि कोणतीने बदलणार नाही, हेही सांगतो. व्यापारी घराला ही भाषा तत्काळ समजते.

कसोटी लागते ती अखेरीस. म्हाताऱ्या कुत्र्याचे मूत्रपिंड थकलेले, अन्न सुटलेले. डॉक्टर शांत मरणाच्या इंजेक्शनचा मार्ग एकदा सांगतो. घरातील वडीलधारे हात जोडून नकार देतात. तेथे तो वाद घालीत नाही आणि अंगही काढून घेत नाही. पुढचे दिवस कसे जातील, वेदना औषधाने किती आवरेल व कुठे आवरणार नाही, हे तो लपवीत नाही. वांती थांबविण्याचे औषध देतो, कातडीखाली सलाईन कसे द्यावे ते घरच्यांना शिकवितो. रात्री दुकान वाढवून आलेला मुलगा मग त्या कुत्र्याची कूस बदलतो, त्याखालची चादर नीट करतो आणि डॉक्टरांना फोन लावतो. तिकडून तो उचलला जातो.