दिवाळीला ये म्हणण्याआधी

"लेक अमेरिकेत गेली आणि आम्हाला विसरली," असं बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या. मला वाटतं, मैत्रिणींनो, विसरली नाही. तिचे पाय कागदांत अडकलेत. शिक्षणाच्या एफ-१ व्हिसावर गेलेल्या मुलीला नोकरी लागली की कंपनी एच-१बी साठी अर्ज करते आणि तिथे राहूनच दर्जा बदलून मागते. निकाल लागण्याआधी ती देशाबाहेर पडली, तर ही मागणी तिने सोडून दिली असं धरतात. मग मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेऊनच परत जायचं. नवऱ्याच्या मागे एच-४ वर गेलेली सून शिकण्यासाठी एफ-१ मागते, तिलाही हाच नियम.

त्यात १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी वर्षभरासाठी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले. तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये! तिथे राहून दर्जा बदलणाऱ्यांना ते लागू नाहीत, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. पण निकालाआधी देश सोडला तर लागू. नवख्या पोरीसाठी एवढे पैसे कोणती कंपनी भरणार?

म्हणून लग्नकार्याची तारीख कळवताना "कधी येतेस?" च्या आधी "अर्जाचं काय झालं?" विचारा. तिकीट तिने वकिलाला विचारूनच काढावं.